भावाची दारू सुटून ७४ दिवस झाले, आता न्यूरोफीडबॅक घ्यावं का? कुणी प्रत्यक्ष घेतलंय?

तासगावची_ताई | १२ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३६. तासगावजवळ आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, ती तोच बघतो. अकरा वर्षं पीत होता, त्यातली शेवटची चार वर्षं सकाळी उठल्या उठल्या. मागच्या वर्षी घरच्या घरी सोडायचं ठरवलं तर दुसऱ्या रात्री फिट आली, जीभ चावली, गादी रक्तानं भरली. तसंच गाडीत घालून मिरजेला पळालो. या वेळी मात्र नीट केलं. आधी मनोविकारतज्ज्ञांकडे डिटॉक्स, मग व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस. घरी येऊन महिना होऊन गेला. आज ७४वा दिवस.

दिवसभर बरा असतो. खरी कसोटी संध्याकाळी साडेसहाला. गडी कामावरून सुटतात, बांधावरून हसत-बोलत नाक्याकडे निघतात, आणि हा ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागतो. कुणी काही विचारलं की वसकन अंगावर येतो. जेवणं होईपर्यंत भावजय पोरांना घेऊन आतल्या खोलीतच बसते. नऊनंतर शांत होतो आणि मग स्वतःच रडतो.

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका सेंटरची माहिती मिळाली. तिथे न्यूरोफीडबॅक करतात. आधी मेंदूचा नकाशा काढायचा, मग ४० बैठका, एकूण ७२,००० रुपये, सगळे आधी भरायचे. फोनवरच्या मुलीनं सांगितलं की दहातले आठ जण कायमचे बाहेर पडतात, मेंदूच नव्यानं बसतो, मग गोळ्या नकोत आणि दारू सोडलेल्यांच्या मीटिंगही नकोत. पुण्याला येणं जमत नसेल तर डोक्याला बांधायचा पट्टा २८,००० ला देतो, तो मोबाइलला जोडायचा, असंही म्हणाली.

आईनं पाटल्या मोडायला काढून ठेवल्यात. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा पुण्याला जाऊन येणं म्हणजे बागेवर पाणी सोडणं. पण भाऊच राहिला नाही तर बागेचं काय करायचं?

ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनी सांगा. खरंच उपयोग होतो का? आणि त्याला फिट आली होती, तर चालेल का?

---

लेथवाला_भोसरी | १४ सप्टेंबर, रात्री ११:५५

ताई, मी घेतलंय. २६ बैठका. दोन रात्री बसून हे लिहिलंय, सावकाश वाचा.

माझी ओळख एवढीच की भोसरीत लेथवर काम करतो, वय ५१, सोळा वर्षं प्यायलो. आज सोबर राहून सहा वर्षं आणि दीड महिना झाला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जातो. न्यूरोफीडबॅकला गेलो तेव्हा दारू सोडून पाच महिने झाले होते. ते पाच महिने पुढे शून्यावर आले, ते का ते खाली सांगतो.

आधी हे आहे काय ते माझ्या भाषेत सांगतो. जॉब, म्हणजे लेथवर लावलेला लोखंडाचा तुकडा, टर्न करताना दहा मायक्रॉन, केसाहूनही बारीक, जास्त गेले तर नव्या पोराच्या हाताला कळत नाही. डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं घड्याळासारखं माप, लावला की काटा हलतो आणि त्याला दिसतं. काटा बघत बघत वर्ष-दोन वर्षं काम केलं की मग हातालाच कळायला लागतं, काट्याकडे बघायची गरज उरत नाही. न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूला लावलेला डायल. तो काही कापत नाही, काही बसवत नाही, आत वीजही सोडत नाही. आत काय चाललंय ते फक्त दाखवतो. शिकायचं आपल्यालाच असतं.

माझ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या. त्यांनी सांगितलं, मेंदूतल्या विजेचे सेकंदाला ८ ते १२ हेलकावे असले की त्याला अल्फा म्हणतात, डोळे मिटून निवांत बसलं की तो वाढतो. ४ ते ८ म्हणजे थीटा, झोप लागता लागताचा. १३च्या वर बीटा. पिणाऱ्या माणसात बऱ्याचदा अल्फा कमी सापडलाय, आणि दारू पोटात गेली की तो वाढतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही जी शांतता क्वार्टरमधून विकत घेत होतात ती मेंदूला स्वतः बनवता येते का, ते आपण बघायचं." हे वाक्य मला अजून पाठ आहे.

पहिल्या सहा बैठकांत डोक्याला काही लावलंच नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चिकटपट्टीनं एक बारीक सेन्सर लावला आणि समोर नुसता आकडा, बोटाचं तापमान. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि माझं बोट २८.४. मन ताणलेलं असलं की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून बोटं गार पडतात. हा आकडा ३४च्या पुढे न्यायचा होता. मी दात-ओठ खाऊन जोर लावला, आकडा २८.१. अजून जोर लावला, २७.९. दोन बैठका अशाच गेल्या. तिसरीला मॅडमनी विचारलं, हात गरम झाल्यावर बरं वाटलंय असं काही आठवतं का? मला थंडीतली पहिली पाळी आठवली. सकाळी सातला शेडचा पत्रा गार पडलेला असतो, मशीनचं हँडल हातात धरवत नाही, आणि मग चकमधून सुटलेला पहिला गरम जॉब सुताच्या वेस्टमध्ये गुंडाळून हातात येतो. त्याची ऊब तळव्यातून मनगटापर्यंत चढते. मी तेवढंच आठवत बसलो. डोळे उघडले तर आकडा ३१.६ होता. सहाव्या बैठकीला ३४ झाला.

मग डोक्याची पाळी. टाळूच्या मागे एक जागा टेपनं मोजून काढायची, तिथली कातडी खरखरीत जेलनं घासायची, मग घट्ट पेस्ट लावून वाटीएवढी नाही, मसुरीच्या डाळीएवढी चकती चिकटवायची. दोन्ही कानांना क्लिपा. आरामखुर्ची, डोळे मिटलेले, कानावर हेडफोन. अल्फा वाढला की समुद्राच्या लाटा ऐकू येणार, थीटा वाढला की दुरून घंटा. मध्येच लाटा तुटायच्या. मॅडम म्हणायच्या, "दात आवळताय." मला पत्ताच नसायचा. जबडा सैल सोडला की लाटा परत. एवढी वर्षं मी दात आवळून जगत होतो हे मला त्या खोलीत कळलं.

तेराव्या बैठकीचं सांगायलाच हवं, कारण हे कुठल्या जाहिरातीत नसतं. लाटा गेल्या, घंटा सुरू झाली, झोप नाही आणि जागही नाही असं झालं. आणि समोर माझी मुलगी दिसली, सहा वर्षांची. माझी पत्र्याची टूलबॉक्स उघडलेली, आणि कानशींच्या खाली लपवलेली क्वार्टर तिच्या दोन्ही हातांत. सांडू नये म्हणून पावलं मोजत माझ्याकडे येतेय. "बाबा, तुमचं औषध." हे खरोखर घडलेलं होतं आणि मी ते पार विसरलो होतो. मी खुर्चीत हुंदके देऊन रडलो. मॅडमनी चकत्या काढल्या, दिवा मंद ठेवला आणि पाऊण तास माझ्याजवळ बसल्या. या प्रकारच्या ट्रेनिंगमध्ये जुनं असं वर येतं. ताई, म्हणून म्हणतो, खोलीत मशीन लावून बाहेर जाणारा टेक्निशियन असेल तर भावाला तिथे बसवू नका.

त्या दिवशी घरी जाताना बस नाशिक फाट्याला आली आणि मी उतरलो. माझा स्टॉप तो नव्हता. वाइन शॉप समोर दिसत होतं. मी फोन काढला आणि स्पॉन्सरला, म्हणजे मीटिंगमधल्या मला सांभाळणाऱ्या जुन्या माणसाला, लावला. त्यांनी काही उपदेश केला नाही, "पुढची बस येईपर्यंत बोलत राहा" एवढंच म्हणाले. बावीस मिनिटांनी बस आली. त्यांनी माझ्याकडून मुलीचं, टूलबॉक्सचं सगळं वदवून घेतलं. जे वर आलं ते मशीननं आणलं, पण बसमध्ये मला बसवलं ते त्या फोननं.

हे कळूनसुद्धा मी चुकलो. पंधरा-सोळा बैठका झाल्यावर झोप सुधारली, घरातला आवाज खाली आला, ओढ जवळजवळ जाणवेना. मला वाटलं झालं काम. मीटिंग सोडल्या, स्पॉन्सरचे फोन टाळले. गटारीला शेडमधल्या पोरांनी मटण केलं, मी नुसता जेवायला म्हणून गेलो. त्या क्षणी तलफ नव्हतीच. ग्लास पुढे आला आणि घेतला. पुढे चार दिवस प्यायलो. पाचव्या दिवशी बायकोनं स्पॉन्सरला बोलावलं.

मॅडम रागावल्या नाहीत. आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी ओढ कमी करायची गोळी सुरू केली. मीटिंग पुन्हा सुरू झाल्यावरच उरलेल्या बैठका घेतल्या. माझी मोजणी तिथून पुढची.

आज काय उरलंय? दोन गोष्टी. ओढ येण्याआधी वीसेक मिनिटं माझा जबडा आवळतो आणि बोटं गार पडतात. पूर्वी मला ओढ थेट घशातच कळायची, तेव्हा उशीर झालेला असायचा. आता संध्याकाळी पाळी सुटताना हात धुतले की मधलं बोट वरच्या ओठाला लावून बघतो. गार लागलं की समजतो. मग कुणाशी तरी बोलतो, काहीतरी खातो, दुसऱ्या रस्त्यानं जातो. हे शिकायला मला मशीनची मदत झाली, ते मी नाकारणार नाही.

आता तुमच्या भावाचं. माझ्या मते आत्ता नको. ७४ दिवस कच्चे असतात, त्यात छाटणीची धावपळ, त्यात पाच तासांचा रस्ता आणि बैठकीनंतर हलकं झालेलं मन घेऊन रात्री एकट्यानं परतणं. पाटल्या कपाटात ठेवा. पट्टा तर घेऊच नका. आणि जो कुणी गोळ्या आणि मीटिंग सोडा म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका, मग मशीन कितीही चांगलं असो.

साडेसहाचा प्रश्न आजच थोडा हलका करता येईल. आमच्याकडे म्हणतात, भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांतलं काहीही अंगावर असेल तर सावध. तुमच्या भावाला सहाच्या सुमाराला चारही असतात. साडेसहाची वाट बघू नका, सहालाच बागेत जाऊन भाकरी-पिठलं किंवा निदान गूळ-शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवा. गडी नाक्याकडे निघतात त्या वेळी तो ओसरीवर नको, दुसऱ्या कुठल्या तरी कामात, दुसऱ्या कुणाच्या तरी सोबत असू द्या. आणि तुमच्या भावजयीला अल-ॲनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या, मीटिंगला न्या. ती पोरांना आत घेऊन बसते ना, तिचंही कुणीतरी ऐकायला हवं.

---

ईईजी_टेक्निशियन | १५ सप्टेंबर, दुपारी २:१५

ताई, दादांनी अनुभव सांगितला, मी मशीनच्या बाजूनं सांगते. अकरा वर्षं ईईजी, म्हणजे डोक्याला चकत्या लावून मेंदूतली वीज नोंदवायच्या तपासणीच्या, विभागात काम करतेय.

तो "दहातले आठ" आकडा कुठून आला ते माहीत असू द्या. १९८९ साली अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या फोर्ट लायनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात, पेनिस्टन आणि कुलकोस्की यांनी दारूच्या रुग्णांना अल्फा-थीटा ट्रेनिंग दिलं. आधी बोटाचं तापमान वाढवायला शिकवलं, दादांना शिकवलं तसंच. ट्रेनिंग मिळालेले रुग्ण होते दहा. तेरा महिन्यांनी त्यांतले आठ जण दारूपासून दूर होते. म्हणजे तो आकडा खरोखर दहा माणसांचा आहे. २००५ साली लॉस एंजेलिसच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात १२१ जणांवर अभ्यास झाला. ज्यांनी ट्रेनिंग पूर्ण केलं त्यांच्यातले ७७ टक्के वर्षभरानं व्यसनापासून दूर होते, नुसते नेहमीचे उपचार पूर्ण करणाऱ्यांतले ४४ टक्के. ऐकायला मोठं वाटतं. पण लक्षात घ्या, ते सगळे केंद्रात दाखल होते, समुपदेशन आणि बाकीचे उपचार चालूच होते. बाकीचं सोडून हे करा, असं तिथे कुणी केलेलं नाही.

दुसरी अडचण अशी की या अभ्यासांत खोटं ट्रेनिंग दिलेला गट नव्हता. म्हणजे चकत्या लावायच्या, लाटा ऐकवायच्या, पण त्या त्याच्या मेंदूप्रमाणे नाहीत. असं करून बघितल्याशिवाय फायदा मशीनचा की आठवड्यातून दोनदा कुणीतरी आपुलकीनं जवळ बसतं त्याचा, हे वेगळं काढता येत नाही. लहान मुलांच्या एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा यावर, अशी मोठी चाचणी झाली, २०२१ साली तिचे निकाल आले, १४४ मुलं होती. खरं आणि खोटं ट्रेनिंग घेतलेली, दोन्ही गटांतली मुलं सुधारली, दोघांत फरक निघाला नाही. मला स्वतःला यातून असं वाटतं की जवळ बसणारा माणूस स्वस्तात काढण्यासारखी गोष्ट नाही.

मेंदूच्या नकाशाबद्दल. तो ईईजीवरूनच काढतात. ईईजीवरून कुणाला व्यसन आहे की नाही, सुटेल की नाही, हे ठरवता येत नाही. शिवाय भाऊ डिटॉक्समधली लोराझेपामसारखी गोळी अजून घेत असेल तर ईईजीत बीटा वाढलेला दिसणारच, तो गोळीचा असतो. दात आवळले तर जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेला पार झाकून टाकते. डोक्याला तेल असलं तर चकतीचा संपर्कच नीट होत नाही, आमच्याकडे रोज निम्म्या पेशंटना परत केस धुवायला पाठवावं लागतं. आपल्याकडची घरातली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६०ची. परदेशी सॉफ्टवेअरची सेटिंग तशीच ठेवली तर वायरिंगची गुणगुण आलेखात शिरते. हे सगळं बाजूला काढणारा माणूस नसेल तर रंगीत कागद हातात येतो, बाकी काही नाही.

पट्ट्याचं तर अजून सोपं आहे. अल्फा सगळ्यांत ठळक सापडतो तो डोक्याच्या मागच्या बाजूला, डोळे मिटल्यावर. १९२४ साली जर्मनीत येना इथं हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा ईईजी घेतला, त्यानंतरच्या दहाएक वर्षांतच हे कळलं होतं. पट्टा बसतो कपाळावर, जिथे पापण्यांची उघडझाप आणि कपाळाच्या आठ्या सगळ्यात जास्त.

फिटबद्दल: दारू एकदम बंद केल्यानं पहिल्या दोन दिवसांत येणारी फिट आणि अपस्मार यांत फरक आहे, पण तो तुम्ही-आम्ही ठरवायचा नाही. मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका. त्याची स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला, तर घरी एकदम बंद करायला लावू नका, सरळ दवाखाना.

पुढे कधी घ्यायचंच ठरलं तर समोरच्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी तिथे होते) नोंदणी क्रमांक विचारा, बैठकीला स्वतः कोण बसणार ते विचारा, आणि पैसे बैठकीगणिक द्या. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आणि मराठीतून. व्यसनासाठी १४४४६ वेगळा.

---

द्राक्षवाला_पलूस | १५ सप्टेंबर, रात्री ९:३०

मला न्यूरोफीडबॅकमधलं काही कळत नाही. मी चार वर्षं सोबर आहे आणि माझीपण बाग आहे, म्हणून एकच सांगायला आलो, कारण वर कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

ताई, छाटणीनंतर डोळे फुटायला काडीला जी पेस्ट लावतो ना, हायड्रोजन सायनामाईडची, ती आणि दारू यांचं भयंकर वैर आहे. दारू सोडवायला डॉक्टर जी डायसल्फिराम गोळी देतात, तिच्यासारखंच ते शरीरात दारूचं पचन मध्येच अडवतं. पेस्टिंग करून आठ-चार दिवसांत कुणी प्यायला तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब कोसळतो. आमच्या भावकीतला एक जण असाच रस्त्यात पडला होता, तोंडाला वासपण नव्हता एवढीच घेतली होती.

भाऊ आज सोबर आहे, देव करो तसाच राहो. पण पंचाहत्तराव्या दिवसाचा भरवसा कुणी देऊ नये. या वर्षी पेस्टिंग गड्यांकडून करून घ्या, त्यांनाही हातमोजे द्या आणि बजावून सांगा. भावाला त्या तीन-चार दिवसांत दुसऱ्या कामाला पाठवा. आणि त्याला कुठली गोळी चालू आहे ते डॉक्टरांना विचारताना पेस्टचंही सांगा, त्यांना शेतीतलं ठाऊक असेलच असं नाही.

अजून एक. कुणी भाजीत कालवून द्यायची पावडर सुचवली तर हाकलून द्या. माझ्या घरी दिली होती. दारू सुटली नाही, बायकोच्या हातचं खायचा विश्वास मात्र सुटला, तो यायला दोन वर्षं गेली.

---

तासगावची_ताई | १७ सप्टेंबर, सकाळी ६:२०

तुम्हा तिघांना काय म्हणू कळत नाही. पेस्टचं आम्हाला अर्धवट माहीत होतं, "त्या दिवशी पिऊ नये" एवढंच. त्याच्या जिवावर बेतेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

काल संध्याकाळी सहाला मी आणि भावजय दोघी बागेत गेलो, भाकरी घेऊन. तो खाताना मी लेथवाल्या दादांचं लिहिलेलं त्याला मोबाइलवरून वाचून दाखवलं. टूलबॉक्सपाशी आल्यावर माझाच आवाज फुटेना, मग पुढचं भावजयीनं वाचलं. तो काही बोलला नाही. भाकरी तशीच हातात. बऱ्याच वेळानं म्हणाला, "त्यांना गरम जॉब आठवला. मला काय आठवायचं?"

दादा, याचं उत्तर तुम्हीच द्या.

---

लेथवाला_भोसरी | १७ सप्टेंबर, रात्री १०:०५

ताई, ते बाहेरून सांगता येत नाही. मॅडमनी मला विचारलं आणि गप्प बसल्या, तसंच तुम्ही करा. त्याला शोधू द्या. सापडलं नाही म्हणून घाईनं काही सुचवू नका. मला तिसऱ्या बैठकीला सापडलं होतं, त्याला महिनाही लागेल.

त्याला एवढं सांगा की मी रोज रात्री त्याची आठवण काढून मीटिंगमध्ये शांततेच्या प्रार्थनेला उभा राहतो. नाव माहीत नाही, पण तासगावचा भाऊ म्हणून.

---

तासगावची_ताई | २० ऑक्टोबर, रात्री ९:४५

धागा वर काढतेय. आज ११२वा दिवस.

पाटल्या आईच्या हातात आहेत. सेंटरला फोन करून विचारलं होतं की बैठकीला कोण बसणार आणि पैसे बैठकीगणिक चालतील का. पैशांना नाही म्हणाले, आणि बैठकीला "आमचा स्टाफ" असतो म्हणाले. मग विषय सोडला. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने नीट गेले आणि त्याची स्वतःची इच्छा असली तर बघू, तेही गोळ्या चालू ठेवून.

छाटणी झाली, पेस्टिंग गड्यांनी केलं. त्या चार दिवसांत भाऊ मिरजेला माझ्याकडे होता. रविवारी मीटिंगला गेला, पहिल्यांदा स्वतःहून बोलला. भावजयही दुसऱ्या खोलीतल्या बायकांच्या मीटिंगला बसली.

आणि परवा संध्याकाळी मला म्हणाला, "ताई, सापडलं." मार्चात बेदाण्याच्या शेडमध्ये दुपारी जाळीवर पसरलेल्या मण्यांखाली हात सारायचा. लहानपणी आम्ही दोघं तसं करायचो, वडील ओरडायचे. मणी वरून चिकट आणि आतून ऊन लागलेल्या वाळूसारखे गरम असतात. तो ओसरीवर बसून डोळे मिटून तेवढंच करतो, दहा-पंधरा मिनिटं. मग बोट ओठाला लावून बघतो. येरझाऱ्या अजून आहेत, पण काल पोरगं बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसलं होतं.

दादा, एक विचारायचं राहिलं. मीटिंग रविवारची. बुधवार-गुरुवारी जास्त जड जातं असं तो म्हणतो. मधल्या दिवसांचं काय करावं?

---

लेथवाला_भोसरी | २० ऑक्टोबर, रात्री ११:१०

मोबाइलवरून रोज मराठी मीटिंग होतात ताई. त्याच्या ग्रुपमधल्या कुणालाही विचारा, लिंक देतील. बुधवारी रात्री मी ज्या मीटिंगला असतो तिचीही मिळेल. त्यानं बोललंच पाहिजे असं नाही, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. त्याला सांगा, बेदाण्याचं ऐकायला मला आवडेल.